मुल्कोवाल ते मांजरी : लशीचे झाकलेले कागद

आमच्या गल्लीतल्या एका खालांचा माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून दिला होता. २०२१च्या उन्हाळ्यात त्यांचे शौहर लस घेतल्यानंतर नवव्या दिवशी गेले. टेम्पो चालवायचे, साखरेचा आजार होता. लशीने गेले असं खालांनी कधीच म्हटलं नाही. दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतला होता, वर चौकशी होईल असं सांगितलं होतं. त्या चौकशीत काय निघालं, एवढंच त्यांना हवं होतं. “बेटा, कागज में क्या लिखे, उतना बस पूछ,” त्या म्हणाल्या.

महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं आणि अर्ज एका सरकारी आरोग्य कार्यालयात दिला. उत्तर तिसाव्या दिवशी आलं, दोन ओळींचं: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. ‘ञ’ हे अक्षर शाळा सुटल्यानंतर मला तिथेच परत भेटलं. नवऱ्याची माहिती बायकोपासून लपवायची ती कुणाच्या खासगीपणासाठी, हे काही त्या दोन ओळींत नव्हतं.

तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला. लस, साथ, दवाखाना यांचे कागद सरकार का झाकतं आणि कधीपासून झाकतं, हे वाचत गेलो. वाचता वाचता मांजरीतूनच निघालो आणि फिरून मांजरीतच आलो.

मांजरी म्हटलं की पूर्वी द्राक्षं आणि ऊस आठवायचा. द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे आहे. आता परगावच्या माणसाला मांजरी सांगितली की तो म्हणतो, “सीरमची का?” सीरम इन्स्टिट्यूटची गोष्ट सुरू होते घोड्यांपासून. हडपसरच्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा फार्म होता. शर्यतीतून बाद झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला जायचे. तिथे घोड्याला धनुर्वाताचं विष थोडं थोडं टोचून त्याच्या रक्तातून उतारा, म्हणजे सीरम, काढत. घोडे आपले तर सीरमही आपणच का काढू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६मध्ये कंपनी काढली. पहिलं उत्पादन धनुर्वाताचंच होतं. कंपनीच्या नावात ‘सीरम’ आहे ते त्यामुळे.

हा धनुर्वात लक्षात ठेवा, कारण ज्या हाफकिनच्या नावाने मुंबईची ती संस्था आहे, त्याचं आयुष्य धनुर्वातानेच उद्ध्वस्त केलं होतं.

वाल्देमार हाफकिन हा ओदेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारने त्याला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा पुढे आले ते इस्माईली खोजांचे इमाम, तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह. वय अवघं विशीचं. त्यांनी आपल्या मुरीदांसमोर लस टोचून घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. हजारो खोजांनी लस घेतली. मुसलमान लशीला घाबरतात असं आज सहज बोललं जातं. मुंबईत प्लेगची लस रुजवण्यात एका मुसलमान इमामाचा आणि एका ज्यू शास्त्रज्ञाचा असा वाटा आहे.

सरकारची पद्धत मात्र वेगळी होती. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. चारच कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करण्याची मुभा त्यात होती आणि त्या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कुणावरही दावा लावता येणार नव्हता. लोकांना काय सांगायचं, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सोल्जरांना घराघरांत घुसवलं, पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मुंबईचा प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगची तपासणी करणारे आले, एका आजारी मुलीला तपासायला. घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली आणि दंगल उसळली. पर्द्याचा प्रश्न होताच. पण इस्पितळात नेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे त्या वस्तीला कुणी सांगितलेलं नव्हतं, हेही होतं. ज्या शहरात आगाखानांच्या एका शब्दावर हजारो माणसं बाह्या वर करत होती, त्याच शहरात वर्षभराने लोकांनी दगड उचलले.

आता मुल्कोवाल. हे गाव पंजाबातलं, आज पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना हाफकिनची प्लेगची लस टोचली. पाच बाटल्या वापरल्या. त्यातल्या ५३-एन या एकाच बाटलीतून ज्यांना टोचलं ते १९ जण धनुर्वाताने मेले. बाकी सगळे ठणठणीत.

चौकशी आयोग बसला. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स, सोबत दोन लष्करी डॉक्टर. आयोगाचं म्हणणं असं की, बाटली मुल्कोवालला उघडण्याआधीच दूषित झाली होती, म्हणजे मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेत. हाफकिनने लस लवकर तयार व्हावी म्हणून तिच्यात कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवलं होतं आणि उष्णतेवर भर दिला होता. तेच त्याच्या अंगाशी आलं. त्याला पदावरून दूर केलं, बिनपगारी रजेवर धाडलं. प्लेगच्या काळात लाखो डोस बनवणारा माणूस लंडनला जाऊन आपल्या बचावासाठी कागद मागत बसला.

साक्षींमध्ये एक गोष्ट होती. मुल्कोवालला ५३-एनचं बूच काढताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो नीट निर्जंतुक न करता, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून पुन्हा वापरला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आणखी एक: बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. बाटलीत कित्येक आठवडे धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर दुर्गंधी आली असती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचं मत आयोगाच्या उलट पडलं. तरी चार वर्षं हे सगळं फायलींत. १९०६ संपता संपता ‘गॅझेट ऑफ इंडिया’त कागद छापले गेले. ते जगभरच्या शास्त्रज्ञांच्या हाती पडले आणि मग वर्षही लागलं नाही. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉसने मार्च १९०७मध्ये ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. जुलैमध्ये रॉससह दहा नामवंतांनी मिळून दुसरं पत्र लिहिलं. नोव्हेंबरपर्यंत सरकारने हाफकिनला पुन्हा नोकरी देऊ केली. तो परत आला, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव लागलं ते १९२५मध्ये.

मला या प्रकरणात हाफकिनच्या दुःखाइतकंच दुसरं काही टोचतं. हाफकिनच्या बाजूने दहा शास्त्रज्ञ होते. मुल्कोवालच्या १९ घरांना कुणी काय सांगितलं, ते मला कुठेही वाचायला मिळालं नाही. आणि कागद झाकल्याने लशीवरचा विश्वास वाढला का? उलट झालं. चिमटा पडला, चूक एका हाताची होती, लस बरोबर होती, हे १९०३मध्येच सांगितलं असतं तर लशीची बाजू सावरली असती. त्याच काळात, १९०४मध्ये, लॉर्ड कर्झनचं सरकार सरकारी गुपितांचा कायदा आणखी कडक करत होतं. तो कायदा १९२३च्या रूपात स्वतंत्र भारतातही राहिला.

त्याला खरा शह बसला तो माहिती अधिकाराने. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळे राज्याचा कायदा केंद्राच्या आधीच झाला होता. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी अमलात आला आणि देशातला पहिला अर्ज पडला तो आपल्या पुण्यात, एका पोलीस ठाण्यात. देणारे पत्रकार शाहिद रझा बर्नी. पुण्याच्या मुसलमानांनी ही गोष्ट मुलांना सांगावी इतकी मोठी आहे, पण आपल्या जलशांत ती मी कधी ऐकली नाही.

हजरत उमर यांच्या कुर्त्याची रिवायत मात्र प्रत्येक जलशात ऐकतो. सगळ्यांना एकेक चादर वाटली, तुमचा कुर्ता एवढा लांब कसा, असं भर मशिदीत खलिफाला विचारलं गेलं आणि खलिफाच्या मुलाने उठून हिशेब दिला: माझ्या वाट्याचं कापड मी वडिलांना दिलं. विचारणाऱ्याला कारण विचारलं गेलं नाही. आपल्या कायद्याचं कलम ६(२) तेच म्हणतं, अर्जदाराने कारण देण्याची गरज नाही.

आता अपवाद. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांची एक यादी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, त्यांना हा कायदा जवळपास लागू नाही. त्या यादीत एकही आरोग्य संस्था नाही. म्हणजे संसदेने आरोग्य खात्याला, औषध नियंत्रकाला, आयसीएमआरला सूट दिलेली नाही. सूट काढली जाते ती कलम ८मधून, एकेका अक्षराने. (घ) म्हणजे व्यापारी गुपित, (ङ) म्हणजे विश्वासाने सोपवलेली माहिती, (ज) म्हणजे तपासाला अडथळा, (ञ) म्हणजे वैयक्तिक. या अक्षरांवरही ८(२) आहे: सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्यावी. कलम १० आहे: झाकायचं तेवढं झाका, बाकीचं द्या. माझा अनुभव असा की नकाराच्या पत्रात पहिली अक्षरं हमखास असतात, पण ८(२) आणि १० कधीच नसतात.

मांजरीच्या बाबतीत मुख्य अक्षर ‘घ’. सीरम ही खासगी कंपनी, तिला थेट अर्ज करता येत नाही. पण कलम २(च) सांगतं की, खासगी संस्थेबद्दलची जी माहिती सरकारला दुसऱ्या कायद्याने मिळवता येते, तीही माहितीच. कोविशील्डच्या बाबतीत तर सरकार नुसतं परवाना देणारं नव्हतं. भारतातल्या चाचणीत केंद्रांची फी आयसीएमआरने भरली आणि बाकीचा खर्च कंपनीने, हे नोव्हेंबर २०२०मध्ये आयसीएमआरनेच जाहीर केलं होतं. ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली, १२ जानेवारीला पहाटे पुण्यातून पहिल्या गाड्या निघाल्या. २१ जानेवारीला मांजरीच्या आवारात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली, पाच कामगार गेले. त्या दुपारी धूर आम्ही छतावरून पाहिला. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत येत होतं ते ‘लस सुरक्षित’.

मग किंमत. केंद्राला एक डोस १५० रुपयांना मिळत होता. एप्रिलमध्ये राज्यांना ४०० आणि खासगी दवाखान्यांना ६०० रुपये जाहीर झाले, आठवड्याभरात राज्यांचे ३०० झाले. हे आकडे आपल्याला कळले ते जाहीर केले म्हणून. ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लस खरेदीचा सगळा हिशेब आणि लस धोरणाच्या फायलींवरचे शेरे मागितले, आणि ७ जूनला पंतप्रधानांनी मोफत लशीची घोषणा केली. लस संशोधनाला १०० कोटी देऊ म्हणणारा पीएम केअर्स फंड तर आपण सार्वजनिक प्राधिकरणच नाही असं सांगून माहिती अधिकाराच्या बाहेर उभा राहिला. तिथे अक्षरही लागत नाही.

त्याच दिवसांत उलटंही घडलं, ते सांगायलाच हवं. १७ मे २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयाने लशीनंतरच्या त्रासाचे आकडे स्वतःहून दिले: ४९८ गंभीर प्रकरणं तपासली, त्यातली २६ कोविशील्डनंतर रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असलेली, दहा लाख डोसमागे ०.६१. लोक लस सोडून पळाले का? नाही. रांगा तशाच होत्या, डोसच कमी पडत होते.

आमच्या मशिदीतलीही एक आठवण आहे. लशीत डुकराचं जिलेटिन आहे, ही अफवा जोरात होती. मी कोविशील्डसोबतचं माहितीपत्रक कंपनीच्या संकेतस्थळावरून छापून आणलं आणि जोहरच्या नमाजनंतर बाहेर चपलांपाशी उभा राहून वाचलं. हिस्टिडिन, मॅग्नेशियम क्लोराइड, साखर, मीठ. जिलेटिन नाही. मग एका तरुणाने बोट ठेवलं, “हे इथेनॉल काय?” वाद झाला, इमामसाहेबांपर्यंत गेला, पण तो कागदावर होत होता. पुढच्या जुम्म्यापर्यंत त्यातले बरेच जण लस घेऊन आले. सूरह हुजुरात सांगते की, खबर आली तर आधी खातरजमा करा. खातरजमा करायला समोर काहीतरी असावं लागतं.

आणि काही माहिती अशी होती की कुणी न मागता रोज मिळत होती. १८ एप्रिल २०२० रोजी आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ तबलिगी जमातशी संबंधित, २९.८ टक्के. जमातशी संबंधितांच्या किती चाचण्या झाल्या आणि बाकीच्यांच्या किती, हा जोडआकडा त्यात नव्हता. शोधून शोधून ज्यांची तपासणी केली त्यांच्यात रुग्ण जास्त सापडणार, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. त्या टक्केवारीने आमच्या भाजीवाल्यांना सोसायट्यांच्या गेटवरून परत पाठवलं. २१ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं नोंदवलं. म्हणून ‘वैयक्तिक माहिती’ हे अक्षर दिसलं की मला हसू येतं आणि रागही येतो. एका जमातीच्या आजाराचा रोजचा हिशेब टीव्हीवर; आणि एका बाईला तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा कागद नाही.

याचा अर्थ सगळं उघडं करा असा नाही. २०२० साली रुग्णांच्या नावपत्त्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या, लोकांनी घरं वाळीत टाकली. एचआयव्हीच्या रुग्णाचं नाव २०१७च्या कायद्याने झाकलं आहे, ते बरोबरच आहे. लस बनवण्याची कृती कंपनीने जपावी, माझी तक्रार नाही. पण लस टोचल्यावर शरीरात काय झालं, ही कृती नाही. ती माहिती ज्या शरीरात घडली त्याची आणि त्याच्या माणसांची.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेतून गेला. निकाल २ मे २०२२चा, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि गवई यांचा. कुणालाही लसीची सक्ती करता येणार नाही, हे वाक्य सगळीकडे छापून आलं. चाचण्यांचा कच्चा तपशील द्यायला न्यायालयाने सांगितलं नाही, प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पुरेसे मानले. पण लशीनंतरचा त्रास कुणाही व्यक्तीला आणि खासगी डॉक्टरला नोंदवता यावा, आणि त्या नोंदी ओळख न उघडता सर्वांना पाहता याव्यात, अशी व्यवस्था करायला सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेत टेक्सासच्या न्यायालयाने तिथल्या औषध नियामकाला फायझरच्या लशीचे कागद महिन्याला ५५,००० पानांच्या वेगाने द्यायला लावले. नियामकाची तयारी महिन्याला ५०० पानांची होती, त्या वेगाने पाऊणशे वर्षं लागली असती. तिथेही व्यापारी गुपिताचा अपवाद आहे. न्यायालयाने तो नाकारला नाही, फक्त घाई करायला लावली.

आपल्याकडे वारं उलट वाहतंय. ‘ञ’ कलमात पूर्वी अटी होत्या: सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तर, विनाकारण खासगीपणा भंग होत असेल तर. शिवाय जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने हे सगळं काढून नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं आणि नोव्हेंबर २०२५मध्ये ते लागूही झालं. ८(२) अजून शाबूत आहे, एवढाच काय तो आधार.

खालांच्या प्रकरणात आम्ही तेव्हाच पहिलं अपील केलं. कलम ८(२) लिहिलं, कलम १० लिहिलं, निकाहनामा आणि मृत्यूचा दाखला जोडला. सुनावणीला अधिकारी सभ्यपणे बोलले. म्हणाले, “अहो, दिलं असतं, पण उद्या सगळेच मागतील.” पुण्याच्या खंडपीठाकडे दुसरं अपील घातलं, तारीख यायला बराच काळ गेला. शेवटी एक पान मिळालं. वर्गवारीच्या रकान्यात इंग्रजी ‘सी’. म्हणजे योगायोग, लशीशी संबंध नाही. खाली समितीच्या सह्या, नावांवर काळी पट्टी.

मी खालांना वाचून दाखवलं. आजारामुळेच गेले, लशीमुळे नाही असं त्यांचं म्हणणं आहे, असं सांगितलं. त्यांनी पान हातात घेतलं, काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं.

“ये कौन लोग थे?”

“डॉक्टर होते, खाला.”

“उनो घर को आए थे क्या? इनकी शुगर की फाइल तो मेरे पासच है.”

फाइल खरंच त्यांच्याकडेच होती, रेशनकार्डाच्या पिशवीत. ती कुणी मागितलीच नव्हती. नवा अर्ज लिहायला घेतला आहे: निष्कर्ष काढताना कोणते कागद पाहिले, त्यांची यादी द्यावी. दीडशे शब्दांत बसतोय.